पाकीट फोडलेला हिरा

ताईच्या सासूबाईंना उतारवयात हिऱ्याची चमकी घालायची हौस आली आणि त्यापायी झोप उडाली ती माझी. हिंगोली जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी डोंगरकड्याहून डी.एड. करायला हिंगोलीला आले होते आणि ताईकडे राहत होते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण सत्यशीला. दाजी, शिवहारराव, पंचायत समितीत क्लार्क. दोन खोल्या, एक पडवी, आणि पडवीच्या कोपऱ्यात माझी पत्र्याची पेटी. त्या घरात माझं म्हणून एवढंच होतं, ती पेटी. तिला कुलूप होतं, पण मी कधी लावत नसे. बहिणीच्या घरात कुलूप लावलं तर लोक काय म्हणतील, असं मला वाटायचं.

सिंधूबाई गोरेगावला असायच्या. शेळ्यामेंढ्या सांभाळणारं घर, जन्म सगळा उन्हात गेलेला. मी त्यांना मावशी म्हणायचे. लहानपणी नाक टोचलं तेव्हापासून त्यांनी काचेच्या खड्याची चमकी घातली, आणि आता शेवटी एकदा खरा खडा घालायचा म्हणून त्या शेळ्या धन्यावर, म्हणजे लिंबाजीमामांवर, टाकून जीपनं हिंगोलीला येऊन बसल्या.

दाजींच्या ओळखीचे अमृतराव सराफ. त्यांनी मुंबईहून एक खडा मागवून दिला, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो प्लास्टिकच्या चपट्या पाकिटात बंद करून आलेला, आणि सोबत तिथल्या प्रयोगशाळेचा इंग्रजी रिपोर्ट. अमृतराव म्हणाले, "सिंधूबाई, आठ दिवस घरी ठेवून बघा. लाभला तर चमकी घडवू, न्हाई तर परत आणा. फक्त पाकीट फोडू नका. पाकीट बंद आहे तवर कागद आन् खडा एकमेकांचे. फोडलं की माझं बोलणं संपलं."

हिरा सगळ्यांनाच लाभत नाही, तो आधी घरात ठेवून बघायचा, उशाखाली घेऊन निजायचं, स्वप्न कसं पडतं बघायचं, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कागदाची काळजी दाजींना. त्या घरात कुठलाही सरकारी-निमसरकारी कागद आला की दाजी तो लॅमिनेशनला देत. मार्कशीट, रेशनकार्ड, ताईचा विवाह नोंदणीचा दाखला, सगळं काचेसारखं कडक. हिऱ्याचा रिपोर्टही त्यांनी त्याच संध्याकाळी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन दिला. त्याचं मशीन बिघडलेलं होतं, म्हणून कागद तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी ताई बचत गटाच्या बैठकीला गेली, दाजी ऑफिसात. मला सुट्टी होती. मावशी पाकीट हातात घेऊन पडवीत बसल्या होत्या. इकडून बघ, तिकडून बघ. मग म्हणाल्या, "दिपे, ब्लेड आण."

"काहून मावशी?"

"बंद डबीतल्या खड्याचं काय समजणार? अंगाला लागल्याबिगर तो लाभतो का न्हाई ते कसं कळंल? दुधानं धुवायला पाहिजे आधी."

मी म्हटलं, अमृतराव काकांनी सांगितलंय. त्या म्हणाल्या, अमृतरावाला शेळीतलं समजतं का, मग त्यानं मला देवाधर्मातलं शिकवू नये. मी ब्लेड आणलं. मावशींच्या डोळ्यांना बारीक दिसत नव्हतं, म्हणून कडही मीच कापली. कुणाच्या सांगण्यावरून का असेना, हात माझा होता आणि पुढं सगळं त्या हातावरच आलं.

खडा दुधाच्या वाटीत पडला आणि दिसेनासा झाला. मावशी हसल्या. मग त्यांनी तो पदराच्या टोकाला गाठीत बांधला. आंघोळीला जाताना मात्र पदर सोडून तो वाटीत ठेवत आणि वाटी फडताळावर. अशीच एकदा त्या न्हाणीत असताना मी तो खडा उचलला, कुंकवाखाली लावायचं मेण नाकाला लावलं आणि खडा त्यावर चिकटवून आरशासमोर उभी राहिले. बरा दिसत होता. खरं सांगायचं तर मावशींच्या नाकापेक्षा माझ्या नाकावरच बरा दिसला असता. मागे वळले तर ताई दारात. ती नुसती "ठेव तो" म्हणाली.

चमकीची हौस मला होतीच. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीकडे गेले होते तेव्हा जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारातून मी अमेरिकन डायमंडच्या चमक्यांचं एक पान घेतलं होतं. जाड कागदावर ओळीनं टोचलेल्या, लखलखीत, स्वस्त. त्यातली एक मी घातली आणि ती हातपंपावर पाणी भरताना पडून गेली. ताईला असलं खोटं काही आवडत नाही, म्हणून ते पान मी पेटीच्या तळाशी अंथरलेल्या पेपरखाली दडवून ठेवलं होतं. हे कुणालाच माहीत नव्हतं.

आठवडा सरत आला आणि गोरेगावहून निरोप आला, लिंबाजीमामा जीपमधून उतरताना पडले, पाय मुरगळला. आता मामा जीपमधून उतरताना नेहमीच पडतात. जीप थांबायच्या आत उतरायची त्यांची जुनी खोड. पण मावशींनी डोक्याला हात लावला. "लाभला न्हाई. उद्याच्या उद्या देऊन या."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच दुकानात गेलो. अमृतरावांनी कापलेलं पाकीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. खडा तळहातावर घेतला, डोळ्याला भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"शिवहारराव, माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सोनं मी हातानं ओळखतो, पण हे काम डोळ्याचं. हा माझा न्हाई असं मी म्हणून न्हाई राहिलो. माझाच आहे, असंबी म्हणता येईना. हल्ली अमेरिकन डायमंड अगदी बराबर असाच दिसतो."

"आमच्यावर भरवसा न्हाई का?" दाजींचा आवाज चढला.

"भरवसा आहे म्हणून तर आठ दिवस दिला. घरात कोण कोण असतं तुमच्या?"

दाजींनी सांगितलं. "मी, बायको, आई." मग म्हणाले, "आन् ही मेव्हणी. शिकायला आहे."

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. सगळे एकदम काउंटरच्या काचेतले झुमके बघू लागले. अमृतरावांनी कागद कुठंय विचारलं, तो लॅमिनेशनला आहे हे ऐकून त्यांनी नुसते डोळे मिटले. मुंबईच्या व्यापाऱ्याचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता, तो मशीन घेऊन येतो, तो बघेल. तोवर खडा तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाले. मावशींनी तो परत पदराला बांधला.

त्या दिवसापासून घर फार सभ्य झालं. ताई मला "दिपे, भांडी घास" म्हणायची ती "दिपाली, वेळ मिळाला तर बघ" म्हणू लागली. दाजी रोज जेवताना कॉलेजचं विचारत, ते बंद झालं. मावशी तर आधीच कमी बोलणाऱ्या. मी पुस्तक उघडून बसे आणि एकच ओळ वाचत राही. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठं जावं ते कळेना. पडवीतून रस्त्यावर, रस्त्यावरून परत पडवीत. मुंबईचा माणूस आला आणि म्हणाला खोटा आहे, तर? बाबा मला घ्यायला येतील, पेटी जीपच्या टपावर चढेल, आणि अख्ख्या डोंगरकड्याला कळेल की लिंबाजीमामांच्या सुनेची बहीण शिकायला गेली होती ती का परत आली. डी.एड. संपलंच. मग जे पहिलं स्थळ येईल ते.

आणि एका दुपारी कॉलेजातून येऊन पेटी उघडली तर आतलं सगळं हललेलं होतं. नीट होतं, उलट माझ्यापेक्षा नीट. तळाचा पेपर सरळ केलेला. मी दडवताना त्याचा एक कोपरा दुमडला होता, तो उलगडलेला. चमक्यांचं पान जागेवर होतं, एक चमकी कमी असलेलं. बघणाऱ्याला वाटणार, त्या चमकीचा खडा मावशींच्या पदरात आणि हिरा माझ्याकडे.

मावशीच. दुसरं कोण? दिवसभर घरी त्याच असतात. इतका राग आला मला त्या बाईचा. तुमच्याच सांगण्यावरून ब्लेड चालवलं आणि तुम्हीच माझी पेटी उचकटता? वर विचारतही नाही. विचारलं असतं तर सांगितलं तरी असतं, की ती चमकी हातपंपावर पडली. पण कुणी विचारलंच नाही तर आपण होऊन काय सांगायचं? आपण होऊन सांगितलं की तीच कबुली होते. मावशी समोर बसून शेंगा फोडत होत्या आणि मी त्यांच्याकडे पाहत नव्हते.

त्याच संध्याकाळी दाजींनी रिपोर्ट आणला, कडक, चकचकीत. मला तो दिसताच हायसं वाटलं. निदान काहीतरी वाचण्यासारखं होतं. डिक्शनरी घेऊन बसले. वर नंबर, तारीख. मग आकार, गोल. मग लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये. वजन. रंग, त्याला एक इंग्रजी अक्षर दिलेलं. मग स्वच्छता किती, त्याला अक्षरं आणि आकडा. आणि खाली दोन गोल आकृत्या, एक खडा वरून पाहिलेला, एक खालून. त्या गोलांत रेघांची जाळी आणि मध्ये बारीकसारीक खुणा, लाल आणि हिरव्या. बाजूला खुणांचा अर्थ. लाल म्हणजे आतलं. हिरवं म्हणजे वरच्या अंगाचं. एक लाल ठिपका मध्याच्या जरासा बाजूला. काठाला एक लाल चीर, पिसासारखी. त्या चिरीच्या समोरच्या काठावर एक हिरवी टिकली. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, या खुणा दहापट मोठं करून पाहिल्यावर दिसतात.

मी दोनदा वाचलं. मग उठून उभी राहिले.

"मावशी, ह्यात खड्याच्या सगळ्या खोडी काढून दाखवल्यात. कुठं ठिपका, कुठं चीर. ते जुळलं तर खडा तोच."

मावशींनी शेंगा खाली ठेवल्या. "म्हंजी त्या अमृतरावानं मला डागी खडा दिला?"

"सगळ्यांत असतं मावशी. इथं लिहिलंय, नुसत्या डोळ्याला दिसत नाही."

"दिसत न्हाई पण हाय ना?" त्यांचा जीव थोडा झाला. देवाला बिनडाग बोकड देणारी बाई ती, तिला हे कसं पटावं. पण मग त्याच म्हणाल्या, "चल, बघून येऊ."

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कशाला आता? मुंबईचा माणूस येऊन राहिला ना चार दिवसांत. तवर राहू द्या की. उगाच आपल्या हातानं कशाला..."

"मला चार दिवस काढवत नाहीत ताई," मी म्हटलं. आणि खरंच काढवत नव्हते.

ताई आमच्याबरोबर आली नाही. मी आणि मावशी चालत गेलो. मी भराभरा, त्या मागं. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं आणि त्या मागं पडल्या तर थांबावंही लागत होतं. पेटीतलं पान या बाईनं पाहिलंय आणि तरी ही माझ्याबरोबर येते आहे, हिला माझी फजिती डोळ्यांनी बघायची असेल, असं मनात येत होतं.

दुकानात लाइट गेलेली, बाहेर अजून उजेड होता. अमृतराव दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मी रिपोर्ट पुढं केला आणि आकृतीवर बोट ठेवलं. त्यांनी तो उजेडात तिरका केला, लॅमिनेशन चकाकलं, त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हे मला ठाऊक आहे पोरी. पण बघायला डोळे कुठून आणू? मुलगा औरंगाबादला."

"मी बघते. तुम्ही कसं बघायचं ते सांगा."

ते खुर्चीतून उठले. मग आतून चिमटा आणि भिंग आणलं, काउंटर दाराशी ओढून घेतला, खाली पांढरा कागद अंथरला. मावशींनी गाठ सोडली. चिमट्यात खडा धरायलाच किती वेळ गेला, दोनदा निसटला, एकदा मावशींच्या लुगड्यावर पडला. अमृतराव म्हणाले, कोपर काउंटरला टेकव. भिंग डोळ्याला चिकटवून धर, आन् खडा भिंगाजवळ आण, भिंग खड्याजवळ न्हाई.

पाहिलं. नुसता लखलखाट. एक बाजू चमकते, दुसरी काळी पडते, श्वास घेतला की सगळं पुन्हा हलतं. मी शोधत राहिले. ठिपका नव्हता, चीर नव्हती. खडा आतून धुतल्या भांड्यासारखा स्वच्छ.

"काय दिसतंय?" अमृतरावांनी विचारलं.

"स्वच्छ आहे."

स्वच्छ म्हणजे खोटा. मी समजले. पानावरच्या त्या सगळ्या चमक्या स्वच्छच होत्या. मी घेतला नव्हता, हे मला माहीत होतं, आणि तरी त्या क्षणी मला माझाच भरवसा वाटेना. नाकावर चिकटवला तेव्हा, मेण पुसताना, कुठं काही झालं का? तोच परत वाटीत ठेवला ना मी?

तेव्हा मावशी म्हणाल्या, "दिपे, दम खा. तोच हाय तो. माझ्या पदराला होता."

अमृतराव म्हणाले, "आता उजेडाची चमक बघू नको. चमकेच्या आड बघ. खडा जरा तिरका कर. आन् कागदावरचा गोल काय खालीवर लिहून आलेला न्हाई, तो फिरव. खडा कुठूनबी धरला जातो."

मी पुन्हा कोपर टेकलं. श्वास सोडून थांबले. खडा तिरका केला, लखलखाट बाजूला सरला आणि आत एकदम खोल दिसलं, आडात वाकून पाहिल्यावर दिसतं तसं. तिथं होता. काळसर, सुईच्या टोकाएवढा. मी हलले तर गेला, पुन्हा आला. मग काठाकाठानं सरकत गेले आणि एका जागी पांढुरकी चीर दिसली, कोंबडीच्या पिलाच्या पिसासारखी. डावा हात पुढं करून मी रिपोर्ट फिरवला. ठिपक्यासमोर ठिपका आणला. चीर आपोआप जागेवर आली. आता हिरवी टिकली. ती काठाच्या बाहेरच्या अंगाला असणार. खडा उभा धरला. चिरीच्या बरोबर समोर एक छोटा खडबडीत तुकडा, न घासलेला.

"ठिपका आहे," मी म्हटलं. "चीर आहे. समोर टिकलीबी आहे."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि भिंग ओलं झालं. अमृतरावांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, धोतराला पुसलं. खोट्या खड्यात असं काही नसतं, म्हणाले, आणि दुसऱ्या हिऱ्यात एवढ्या तिन्ही गोष्टी ह्याच जागी असणार नाहीत. खडा माझाच आहे. माझ्याकडून तकलीफ झाली तुम्हाला, सिंधूबाई.

"ठेवून घ्या," मावशी म्हणाल्या. "चमकी करा त्याची."

"लाभला न्हाई म्हणत होतात ना?"

"म्हातारा जीपमधून पडला तो त्याच्या चालीनं पडला. खड्यानं काय केलं."

परत येताना मला पळत सुटावंसं वाटत होतं. मावशींकडे पाहून मी दोनदा हसले. त्यांच्यावरचा राग तसाच होता, पण आनंदात तो कुठंतरी मागे पडला होता. पेटी पाहिली तर पाहिली, मनात म्हटलं, आता तरी कळलं ना.

रात्री ताईनं शिरा केला. दाजींनी पहिल्यासारखं कॉलेजचं विचारलं. ताईचा तर चेहराच बदलला होता. आठवडाभर तिच्या कपाळावर जी आठी होती ती गेली. मला वाढताना तिनं ताटात तुपाचा चमचा रिकामा केला आणि लाडानं म्हणाली, "मला ठाऊकच होतं आमची दिपी तसली न्हाई. पण आता तरी ते पेटीतलं चमक्यांचं पान फेकून दे बाई. एक चमकी न्हाईच त्यात. उगाच माणसाच्या डोक्यात काहीबाही येतं."

ती हसली. दाजींनी विचारलं, कसलं पान? ती म्हणाली, काही न्हाई, बायकांचं.

माझा घास हातात राहिला. मी मावशींकडे पाहिलं. त्या शिरा खात होत्या. कसल्या पानाबद्दल बोलणं चाललंय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि जाणून घ्यायची गरजही वाटत नव्हती. त्यांनी माझी पेटी कधी उघडलीच नव्हती. आणि मी इतके दिवस त्या बाईकडे बघत नव्हते.

पेटी नीट लावलेली का होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. ओढण्यांची घडी आई शिकवायची तशी होती, तीन पदरी. आम्ही दोघी बहिणी तशीच घालतो. म्हणूनच ती घडी तेव्हा डोळ्यात भरली नव्हती. मुंबईचा माणूस येईपर्यंत थांबू म्हणणारी ताई मला वाचवत होती. मी चोर आहे असं धरून, चार दिवसांत मी खडा गुपचूप परत ठेवेन या आशेनं वाचवत होती.

शिरा मी संपवला. टाकला असता तर विचारलं असतं, काय झालं.

सकाळी कॉलेजला निघताना मी पेटीला कुलूप लावलं. ताई चुलीजवळ भाकरी थापत होती. मावशी पडवीत वेणी घालत होत्या. मी किल्ली त्यांच्यापुढं धरली.

"मावशी, ही तुमच्याकडं राहू द्या. तुमी हाय तवर."

परातीवरची थाप थांबली. ताई वळली नाही. हळूच म्हणाली, "काहून, माझ्याकडं दे की."

"तुझ्याकडं नको," मी म्हटलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईच्या पाठीकडे. पदराचं टोक पुढं घेतलं, किल्ली त्यात ठेवली आणि हिऱ्याला मारली होती तशीच दातानं ओढून गाठ मारली.